‘ठेवते’ म्हटल्यानंतरचं

केतकी रायरीकरचा धंदाच मुळी संशयाचा होता. ती इमारतींची तपासणी करणारी इंजिनिअर. जुन्या इमारतीत जायचं, हातोडीने खांब ठोकायचे, बद्द आवाज आला की आत पोकळी आहे असं समजायचं. नवा रंग दिलेली भिंत दिसली की ती आधी तिलाच ठोकायची. ज्याला काही लपवायचं असतं तोच घाईने रंग देतो, असं तिचं मत होतं. हे मत तिने हळूहळू भिंतींवरून माणसांवर आणलं, आणि त्यात आपलं काही चुकतंय असं तिला कधी वाटलं नाही.

संशय घ्यायचा राहिला तो एका यंत्रावर. त्याचं नाव निरोप्या.

त्या वर्षी पुण्यातल्या निम्म्या ऑफिसांत निरोप्या आला होता. तुम्ही फोन उचलू शकला नाहीत की तो तुमच्या आवाजात बोलायचा आणि समोरच्याचा निरोप घेऊन ठेवायचा. तो बसवायला कंपनीचा तन्मय बापट नावाचा तरुण आला. त्याने टेबलावर माइक ठेवला, खिडकी लावून घेतली, पंखा बंद केला आणि केतकीला म्हणाला, “मॅडम, उभ्या राहून बोला. आणि थोडं हसत. हसू आवाजात उतरतं.”

केतकी उभी राहिली. हसणं तिला जरा जड गेलं. “नमस्कार, मी केतकी रायरीकर. मी सध्या फोनवर उपलब्ध नाही...”

“तिथेच माणूस फोन ठेवतो,” बापट म्हणाला. “पहिल्याच वाक्यात नकार आला की त्याचा मूड जातो. असं म्हणा: ‘नमस्कार, मी केतकी. हातात काम आहे, पण बोला, मी ऐकतेय.’”

“पण मी ऐकत नसणार.”

“निरोप्या ऐकत असणार ना. म्हणजे तुम्हीच.”

हे केतकीला पटलं. मग बापटने तिच्याकडून सुटे शब्द म्हणवून घेतले. हं. हो. हो का. बरं. बघते मी. प्रत्येक शब्द चार-पाच तऱ्हांनी: घाईतला, मायेचा, गंभीर. मायेचा ‘हो’ तिला दोनदा म्हणावा लागला. “हे कशाला?” तिने विचारलं.

“समारोपाला. बोलणं संपलं की खाडकन फोन तोडणं बरं दिसत नाही. निरोप्या सौजन्याने आवरतं घेतो.”

सौजन्य हा शब्द ऐकला की माणसं पुढचा प्रश्न विचारत नाहीत. केतकीनेही विचारला नाही.

त्यामागचं विज्ञान बापटने चहा पिता पिता सांगितलं, आणि ते खरोखर हुशारीचं होतं. आपला आवाज म्हणजे गळ्यातल्या स्वरतंतूंची थरथर. माणूस घाबरला की ती थरथर अडखळते, चिडला की ताणली जाते. कानाला हे कळत नाही, यंत्राला कळतं. फोन करणाऱ्याचा पहिला श्वास आणि पहिला ‘हॅलो’ एवढ्यावर निरोप्या त्याची मनःस्थिती ओळखायचा आणि त्याला बोलावंसं वाटेल अशा सुरात तुमचं स्वागतवाक्य म्हणायचा. बोलणं संपत आलं की आवाज खाली उतरतो, शब्दांमधलं अंतर वाढतं, ‘बरं तर’, ‘ठेवतो’ असे शब्द येतात. जगभरातले कोट्यवधी फोन ऐकून निरोप्या ही खूण शिकला होता. म्हणून निरोप सुटसुटीत यायचे, पाल्हाळ नाही.

“लोक निरोप देत नाहीत मॅडम, पुराण लावतात,” बापट म्हणाला. “ते आम्ही बंद केलं.”

केतकी खूश झाली. पण तिच्यासारख्या बाईचं खूश होणं फार काळ टिकत नाही. निरोप फारच नेटके येऊ लागले. जे कोथरूडचे गृहस्थ एरवी गळक्या गच्चीपासून सुरुवात करून मुलाच्या घटस्फोटापर्यंत जायचे, ते आता चार वाक्यांत आटपायचे. माणसं एकाएकी इतकी शहाणी झाली? तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मग जागेवर गेल्यावर लोक म्हणू लागले, “अहो, ते बाल्कनीचं फोनवर सांगितलं होतं की तुम्हाला.” सांगितलेलं नसायचं. तिने निरोप पुन्हा ऐकले, त्यात बाल्कनी नव्हती. निष्कर्ष सरळ होता: लोक हल्ली धडधडीत खोटं बोलतात. तिला वाईट वाटलं नाही, उलट आपलं मत खरं ठरल्याचं थोडं समाधानच वाटलं.

आणि अशात आई गेली.

आई नाशिकला केतकीच्या थोरल्या भावाकडे, निनादकडे राहायची. गेली ती अचानक, रविवारी पहाटे, झोपेत. तेराव्याच्या दिवशी जेवणं उरकली, मामा सुपारी कातरत बसले होते, आणि निनाद सगळ्यांसमोर म्हणाला, “शनिवारी येते म्हणाली होतीस. आई दिवसभर गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. सांज्याच्या पोळ्या केल्या होत्या तुझ्यासाठी.”

“मी असं म्हणालेच नव्हते,” केतकी म्हणाली.

“आईने स्वतः सांगितलं मला. केतू हो म्हणालीय.”

“मग तिला भास झाला असेल.”

“भास कसला?” निनादची बायको, मानसीवहिनी, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. “फोन स्पीकरवर होता. तुझं ‘हो’ मी माझ्या कानांनी ऐकलंय, केतकी.”

नवरा-बायकोने ठरवून ठेवलेलं दिसतंय, असं केतकीला वाटलं. आईकडे आपलं येणं कमी झालं होतं ही गोष्ट खरी होती आणि ती तिला टोचत होती, म्हणूनच ती जास्त चिडली. तिने फोन काढला आणि निरोप्याने ठेवलेला आईचा शेवटचा निरोप लावला.

“केतू, आई बोलतेय. कामात असशील. इकडे सगळं छान आहे. दादाने गॅलरीला जाळी बसवली, कबुतरं गेली एकदाची. तू वेळेवर जेवत जा. बरं, ठेवते हं.”

ज्या घरात तेरा दिवसांपूर्वी आई बोलत होती तिथे तिचा आवाज पुन्हा घुमला. मामांच्या हातातला अडकित्ता थांबला. मानसीवहिनीने पदर डोळ्यांना लावला.

“ऐकलंत?” केतकी म्हणाली. “यात शनिवारचा श तरी आहे?”

निनाद उठून गॅलरीत गेला. आपण जिंकलो, असं केतकीला वाटलं. परतीच्या वाटेवर तिला सारखं रडू येत होतं, ते आई गेल्याचं आहे असं तिने स्वतःला सांगितलं.

त्यानंतर दोघांचं बोलणं तुटल्यातच जमा होतं. निनादचा फोन आला की ती उचलायची नाही. निरोप्या घ्यायचा. दिवाळीनंतर त्याचे निरोप यायला लागले.

“केतू, दादा. बिल्डरचा माणूस आज पुन्हा येऊन गेला. सोसायटीतल्या लोकांना तपासणीचा रिपोर्ट हवाय. तुला सवड झाली तर बघ. बरं, ठेवतो.”

दुसरा निरोप तसाच. तिसराही. केतकीने ते ऐकले आणि तिला सगळं लख्ख दिसलं. निनाद सोसायटीचा सेक्रेटरी. इमारत पाडून नवी बांधायची तर जुनी धोकादायक आहे असा इंजिनिअरचा दाखला लागतो. इंजिनिअर घरचीच. तेराव्याला सगळ्यांसमोर तिला अपराधी ठरवायचं, म्हणजे पुढे ती नाही म्हणू शकणार नाही. कुठेतरी पाणी मुरतंय हे तिला आधीच वाटत होतं, ते कुठे मुरतंय ते आता कळलं. तिने ठरवलं, तोंडावर जाऊन सांगायचं. एका सकाळी तिने गाडी काढली आणि दुपारी नाशिकला निनादच्या दारात उभी राहिली.

दार मानसीवहिनीने उघडलं. तिने पाणी आणलं, चहा टाकला, पण ‘कशी आहेस’ काही विचारलं नाही. निनाद समोर बसला. आई गेल्यापासून तो उतरला होता, केस विरळ झाले होते. केतकीने ते पाहिलं आणि मुद्द्यावर आली.

“दादा, मी खोटा दाखला देणार नाही.”

“कोणी मागितला तुला खोटा दाखला?”

“तीन निरोप आहेत माझ्याकडे. तीनही निरोपांत बिल्डर आणि रिपोर्ट. दुसरं काही नाही.”

“दुसरं काही नाही?” निनाद हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. “बरोबर. तुझ्याकडे नेहमी पुरावा असतो. लाव, लाव पुन्हा. मामा नाहीत आज, मानसीला ऐकव.”

“तू बिल्डरला भेटतोस की नाही?”

“सेक्रेटरी आहे मी. येणाऱ्याला भेटावं लागतं. त्याला हाकलून देतो दर वेळी, ते सांगितलं की तुला.”

“नाही सांगितलंस.”

“सांगितलं. आणि तू ‘हं’ म्हणालीस. तुझं ते ‘हं’ मला आता पाठ झालंय.”

चहा तसाच राहिला. केतकी उठली, दारात जाऊन चपला घालू लागली. “येते,” ती म्हणाली. कितीही भांडण झालं तरी ‘जाते’ म्हणायची तिची छाती नव्हती. आणि कितीही भांडण झालं तरी निनाद दारापर्यंत आल्याशिवाय राहिला नाही. तो चौकटीला हात लावून उभा राहिला. ती एक पायरी उतरली तेव्हा तो म्हणाला, “जाता जाता तो खांब तरी बघून जा.”

“कुठला खांब?”

निनाद तिच्याकडे बघतच राहिला. “केतू, आता पुरे. पार्किंगमधला. पाण्याच्या टाकीशेजारचा. प्लास्टर पडलं तेव्हा फोन केला, सळई दिसायला लागली तेव्हा केला, आणि परवा त्यातून कटकट आवाज आला तेव्हा केला. आता किती वेळा सांगू?”

“तू फक्त बिल्डरचं बोललास.”

“बिल्डरचं आधी बोललो. ठेवतो म्हणालो आणि मग खांबाचं बोललो. तुझ्याकडे काही मागायचं म्हणजे एकदम कसं मागणार, आपलं हे असं चाललेलं असताना? तू हं हं करत ऐकलंस सगळं. ‘बघते मी’ म्हणालीस.”

केतकीचा हात कठड्यावर थांबला. खाली उतरताना तिचं डोकं नेहमीच्याच रस्त्याने चाललं होतं: यानेच छिन्नीने प्लास्टर पाडलं असेल, बहिणीला दाखवायला.

टाकीशेजारच्या खांबापाशी ती वाकली. हातोडी काढायची गरजच पडली नाही. खालच्या हातभर भागातलं काँक्रीट फुगून सुटलं होतं, आणि आतल्या गंजलेल्या सळया मोडक्या छत्रीच्या काड्यांसारख्या बाहेर वाकल्या होत्या. छिन्नीने प्लास्टर पाडता येतं, पण माथ्यावर चार मजल्यांचं ओझं असल्याशिवाय सळया अशा वाकत नाहीत. खांबाला लागून निनादची स्कूटर उभी होती. तिच्या सीटवर पांढरी भुकटी पडली होती. केतकीने बोट फिरवलं आणि मागोमाग उतरलेल्या निनादकडे वळली.

“स्कूटर कधी लावलीस?”

“तू यायच्या जरा आधी. का?”

“पुसली होतीस?”

“पुसूनच चालवतो मी. का गं?”

म्हणजे भुकटी आत्ता पडत होती. खांब आत्ता, ते बोलत असताना, चिरडत होता. “दादा,” ती म्हणाली, “सगळ्यांना खाली काढ. लिफ्ट नाही, जिन्याने. वहिनीला आधी हाक मार.”

निनादने का म्हणून विचारलं नाही. तो जिन्याकडे वळला आणि प्रत्येक दाराची बेल वाजवत वर गेला. पण सगळी इमारत निनादसारखी नव्हती. पहिल्या मजल्यावरचे करमरकरकाका दारात हाताची घडी घालून उभे राहिले. “आम्हाला कळत नाही का? बहीण इंजिनिअर, भाऊ सेक्रेटरी. आज बाहेर काढायचं, उद्या बिल्डर आत. बरा डाव आहे.”

केतकीने आपलाच विचार दुसऱ्याच्या तोंडून ऐकला. शब्दसुद्धा जवळजवळ तेच होते. तिला त्या माणसाचा राग यायला हवा होता, पण लाज वाटली.

“काका, संशय जरूर घ्या,” ती म्हणाली. “पण खाली मैदानात बसून घ्या. मीही तिथे बसते तुमच्याबरोबर. घरातलं काही उचलू नका, फक्त काकूंना घेऊन या.”

काका कुरकुरत उतरले. केतकीने अग्निशमन दलाला फोन केला, ओळखीच्या कंत्राटदाराकडून लोखंडी टेकू मागवले. टेकू खांबाच्या चहूबाजूंनी तुळईखाली लागले आणि शेवटचा कसून माणसं बाहेर येतात न येतात तोच खांबाने मान टाकली. आवाज मोठा नव्हता, पोतं आपटावं तेवढाच. करमरकरांच्या स्वयंपाकघराचा कोपरा वीतभर खचला, खिडकीच्या काचा अंगणात पडल्या. टेकूंनी बाकी सगळं पेललं. सगळी माणसं समोरच्या मैदानात होती. काका बराच वेळ आपल्या खिडकीकडे बघत राहिले, आणि मग त्यांनी केतकीला बसायला स्वतःची चटई सरकवली.

टपरीवरचा चहा घेऊन मानसीवहिनी केतकीशेजारी येऊन बसली. केतकीने फोन हातात धरला होता. निनादचे तिन्ही निरोप तिने पुन्हा ऐकले होते. तिन्ही ‘ठेवतो’ या शब्दावर संपत होते. मग तिने इतरांचे लावले. कोथरूडचे गृहस्थ: ‘बरं, ठेवतो.’ बाल्कनीवाल्या बाई: ‘चला, ठेवते.’ एकाही निरोपात त्यानंतर काही नव्हतं. आणि आपल्याकडे त्यानंतरच तर सगळं असतं. चपला घातल्याशिवाय पाहुण्याला मुख्य गोष्ट आठवत नाही, फाटकाशी उभं राहून बायका तासभर बोलतात, आणि ‘ठेवते’ म्हटल्याशिवाय कुणाला मनातलं विचारायचा धीर होत नाही. जग ‘ठेवते’ म्हणून फोन ठेवत असेल. आपण नाही ठेवत.

“वहिनी,” केतकीने विचारलं, “आईने त्या दिवशी फोन केला, तेव्हा ठेवते म्हणाल्यावर काय झालं?”

मानसीवहिनीने तिच्याकडे जपून पाहिलं. ही पुन्हा पुरावा गोळा करतेय की काय, असं तिला वाटलं असणार. पण केतकीचा चेहरा पाहून ती बोलली.

“ठेवते म्हणाल्या, आणि मग म्हणाल्या, शनिवारी येशील का गं, बरेच दिवस झाले. तू हो म्हणालीस. इतकं मायेनं म्हणालीस की मलाच बरं वाटलं. मग त्या बोलतच राहिल्या. चांगली पंधरा मिनिटं. मध्ये हसल्या, मध्ये जरा गप्प झाल्या. तू आपली हं, हो, बरं करत होतीस.”

“काय बोलत होती?”

“कुकरची शिट्टी झाली, मी आत गेले. आल्यावर त्यांनी फोन ठेवलेला होता. खुशीत होत्या. म्हणाल्या, आज केतूने अगदी शांतपणे ऐकून घेतलं, एकदाही घाई केली नाही.”

केतकीने चहाचा कप खाली ठेवला. उठून मैदानाच्या कडेला गेली आणि बापटला फोन लावला. तो नशिबाने लगेच सापडला. तिने विचारलं, समारोप झाल्यावर माणूस बोलत राहिला तर ते कुठे साठतं?

“ते नाही साठत, मॅडम. समारोपापर्यंतचा तो निरोप. पुढच्या भागाला आम्ही शेपूट म्हणतो. निरोप्या हं-हं करत राहतो, माणसाचं समाधान झालं की तो आपणहून फोन ठेवतो. शेपूट ठेवायला लागलो तर परत पाल्हाळच की.”

“एका विशिष्ट दिवसाचं शेपूट मिळेल का? माझी आई आहे त्यात.”

मुलगा वाईट नव्हता. “नाही मॅडम,” तो हळू आवाजात म्हणाला. “ते कुठेच नसतं. सॉरी.”

निनाद तिच्या मागे येऊन उभा राहिला होता. त्याने किती ऐकलं होतं कोण जाणे. ती वळली आणि म्हणाली, “दादा, आई खोटं बोलली नव्हती. मी तिला सगळ्यांसमोर खोटं पाडलं.” आणि मग तिला रडू आवरेना. या वेळी ते कशाचं आहे हे तिला नीट ठाऊक होतं. निनादने तिच्या डोक्यावर हात ठेवला, लहानपणी ठेवायचा तसा, आणि म्हणाला, “बस जरा. अजून बरंच राहिलंय बोलायचं.”

पुण्याला परतल्यावर केतकीने निरोप्या काढून टाकला. साधं यंत्र घेतलं, जे फक्त बोललेलं ठेवतं आणि स्वतः काही बोलत नाही. मग जुन्या निरोपांतल्या माणसांना एकेक करून फोन लावले आणि सगळ्यांना एकच विचारलं: ठेवतो म्हणाल्यावर तुम्ही काय म्हणाला होतात? कुणी हसले, कुणी विसरले होते. बाल्कनीवाल्या बाईंचं ऐकून ती त्याच दिवशी त्यांच्याकडे गेली.

शेवटी ती माइकसमोर बसली. उभी राहिली नाही, हसली नाही, पंखाही चालूच ठेवला. दोनदा बोललेलं पुसून टाकलं, तिसऱ्या खेपेला सरळ बोलली. आजही तिने फोन उचलला नाही तर हेच ऐकू येतं:

“मी केतकी रायरीकर. हे यंत्र आहे. मी आत्ता ऐकत नाहीये. बोलून ठेवा, मी नंतर सगळं ऐकेन. ठेवतो म्हणाल्यावर जे आठवेल तेही बोला, घाई नाही. इथून कुणी हो म्हणणार नाही. हो म्हणायचं असेल तर मी स्वतः फोन करेन.”